रामदास कुवळेकर यांचा राहिलेला सत्कार

रामदास कुवळेकर यांना बसता येतं. यावर कोणी हसेल, पण मी घोडपदेवच्या आमच्या चाळीत जन्मापासून म्हणजे एकोणसाठ वर्षं राहतो आहे आणि खरोखर बसता येणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आपण बसलो की पाय हलवतो, मोबाईल काढतो, चहा होणार का याचा अंदाज घेतो. रामदास बसले की बसले.

गिरणीत चिकटवायचं म्हणून मामाने त्यांना कुडाळहून मुंबईला आणलं, तेव्हा गिरण्या बंद पडत होत्या. मामाने मग शिवडीच्या एका गोदामात चिकटवलं. तिथे फाटकावर स्टुलावर बसून रामदासांनी चौतीस वर्षं वॉचमनची नोकरी केली. नियम एकच होता: चिठ्ठी असेल तर आत, नसेल तर बाहेर. एकदा गोदामाचा मालकच नवी गाडी घेऊन आला. रामदासांनी फाटक उघडलं नाही.

"गाडी नवीन. नंबर वहीत नाय. चिठ्ठी आणा."

"अरे, चिठ्ठीवर सही माझीच असते!"

"मग काय अडचण? करा सही."

मालकाने बॉनेटवर कागद ठेवून स्वतःला आत सोडण्याची चिठ्ठी लिहिली, सही केली आणि खिडकीतून दिली. रामदासांनी ती वाचली, सही वहीतल्या सहीशी ताडून पाहिली आणि मग फाटक उघडलं. पुढे मालकाने हा प्रसंग वीस वर्षं सगळ्या पाहुण्यांना सांगितला. रामदासांना त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते घरात बसू लागले आणि त्यांच्या बायकोची, नलूवहिनींची, पंचाईत झाली. दीड खोलीच्या घरात इतका नीट बसणारा माणूस म्हणजे एक कपाट वाढल्यासारखंच.

अशात परळच्या एका संस्थेतून अपूर्वा नावाची मुलगी आमच्या मंडळाच्या कार्यालयात आली. दिव्यांग मुलांच्या कुटुंबांना मदत करायला तिला स्वयंसेवक हवे होते. मी मंडळाचा कार्यवाह, म्हणून फॉर्म वाटण्याचं काम माझ्याकडे आलं. बावीस जणांनी फॉर्म भरले. 'आपल्याला काय येतं' या रकान्यात लोकांनी गायन, योगासनं, कागदी फुलं, प्रेरणादायी व्याख्यान असं लिहिलं होतं. एका फॉर्मवर 'बसणे' एवढंच लिहिलं होतं.

अपूर्वाने तो फॉर्म वर धरला. "हे कोण?"

मी म्हटलं, "तो बाजूला ठेवा. चुकून आला असेल."

"नाही, काका. मला हाच माणूस हवाय," ती म्हणाली. "या मुलांच्या आयांना गाणं नकोय. दोन तास कोणीतरी घरात थांबायला हवंय, म्हणजे त्यांना बाहेर पडता येईल."

आम्हाला ते पटलं नाही. पहिल्या रविवारी मंडळाचे नऊ स्वयंसेवक फुगे, टोप्या आणि बॅनर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आकांक्षा राऊतच्या घरी गेले. तिचा मुलगा ध्रुव नऊ वर्षांचा. तो बोलत नाही आणि मोठा आवाज त्याला सहन होत नाही. टाळी, शिटी, भांडं पडणं, काहीही. तसा आवाज झाला की तो भिंतीवर डोकं आपटून घेतो आणि मग आई आल्याशिवाय शांत होत नाही. हे अपूर्वाने सगळ्यांना सांगितलं होतं. एक फुगा फुटला. नवांपैकी आठ जण मग आपापल्या सोयीने स्वयंसेवेतून मोकळे झाले.

रामदास नववे. ते पुढच्या रविवारी आपलं स्टूल घेऊन गेले आणि दारात बसले. त्यांनी ध्रुवला हाक मारली नाही, चॉकलेट दिलं नाही, गालाला हात लावला नाही. दोन तासांनी ध्रुव येऊन त्यांच्या बुटांची नाडी सोडून गेला. त्यांनी ती बांधली. त्याने परत सोडली. अशी ओळख झाली.

त्यांनी गोदामातली पद्धत जशीच्या तशी आणली होती. आकांक्षाने घरात कोणाला सोडायचं याची सहीनिशी यादी द्यायची, आणि दर अर्ध्या तासाने ते वहीत नोंद करायचे. 'साडेअकरा. ध्रुव पंख्याखाली. बारा. ध्रुव पंख्याखाली. पंखा बंद-चालू सोळा वेळा. सर्व ठीक.' आकांक्षा ती वही रात्री नवऱ्याला फोनवर वाचून दाखवायची. हितेंद्र शिवडीहून कंटेनरचा ट्रेलर घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. सोळा वेळा ऐकून तो म्हणायचा, "गेल्या वेळी चौदा होते ना गं?"

बघता बघता रामदासांचे रविवार, मग बुधवार आणि शुक्रवारही भरले. घोडपदेवात आणि काळाचौकीत मिळून सहा घरी ते बसू लागले. नलूवहिनी गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "चवतीस वर्सां थंय बसले, आता हंय बसतत. फरक इतकोच, थंय पगार होतो."

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगितली पाहिजे. कोणी काही चांगलं केलं की आम्ही त्याचा सत्कार करतो. दहावी पास झालेल्याचा करतो, नापास होऊन परत बसलेल्याचाही करतो. रक्तदात्याचा करतो. एकदा रक्तदानाला येऊन वजन कमी भरल्यामुळे परत गेलेल्याचा केला होता. आकांक्षाचा तर 'आदर्श माता' म्हणून आम्ही चार वेळा सत्कार केला होता. चारही वेळा ती शाल घेऊन पाच मिनिटांत निघून गेली, कारण घरी ध्रुव होता. त्यामुळे दोन वर्षं सेवा करून रामदासांचा एकही सत्कार होऊ नये हे कमिटीला लागून राहिलं. मी त्यांना तीन पत्रं दिली. तिन्ही वेळा उत्तर एकच, 'त्या दिवशी बसायचं आहे.'

शेवटी मीच तोड काढली. ते येत नसतील तर सत्कार त्यांच्याकडे न्यायचा. रविवारी अकरा ते एक ते आकांक्षाच्या घरी हमखास असतात, हे मला माहीत होतं. मला जे माहीत नव्हतं ते असं: त्या रविवारी अकरा ते एक आकांक्षाची परीक्षा होती.

ती एका सरकारी कचेरीत कंत्राटावर होती. कायम होण्यासाठी खात्याची परीक्षा द्यायची होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. आधीच्या दोन्ही वेळा ध्रुवमुळे पेपर अर्धा टाकून तिला उठावं लागलं होतं. या वेळी केंद्र दादरला होतं. तिने रामदासांशी बोलून ठेवलं होतं की ध्रुवला आवरेना झालं तर त्यांनी फोन करायचा. तिचा फोन घेऊन अपूर्वा केंद्राच्या फाटकाशी बसणार होती. फोन वाजला की ती आत निरोप देणार आणि आकांक्षा पेपर टाकून टॅक्सीने घरी येणार. म्हणजे रामदासांचा फोन आला की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

अकरा वीसला आम्ही चौदा जण तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. शाल, श्रीफळ, गुच्छ, स्मृतिचिन्ह आणि 'थोर समाजसेवक' असं लिहिलेलं फ्रेम केलेलं मानपत्र. अध्यक्ष कुशाबा मोरजकर पुढे होते. प्रमुख पाहुणे विक्रांतदादा पालव. त्यांचा केटरिंगचा व्यवसाय आहे आणि गेली अकरा वर्षं ते निवडणुकीच्या तयारीत आहेत. घरात जायचं म्हणून आम्ही सगळ्यांनी गॅलरीतच चपला काढल्या.

रामदास त्या दिवशी दहापासूनच दारात स्टुलावर होते. उठले नाहीत.

"हळू बोला," ते म्हणाले. "चिठ्ठी आसा?"

"कसली चिठ्ठी?" मी विचारलं.

"आत जाऊची."

"अहो, तुमचाच सत्कार आहे!"

"सत्कार माझो आसात. घर आकांक्षाचा. यादीत तीन नावां. हितेंद्र, बाजूची ऋताताई, आणि पंखेवालो शंतनु. कमिटी नाय."

कुशाबांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांना कमी ऐकू येतं, हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. "काय म्हणतो रे हा?" त्यांनी नेहमीच्या म्हणजे मैदानावरच्या आवाजात विचारलं.

घरात ध्रुव पंख्याखाली बसला होता. त्याने एक हात कानावर ठेवला. रामदासांनी खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला आणि परीक्षेची, दादरची आणि अपूर्वाची सगळी हकिकत आम्हाला चार वाक्यांत सांगितली. विक्रांतदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं.

परत जावं, हे उघड होतं. पण चौदा माणसं, प्रमुख पाहुणे आणि श्रीफळ जमवून परत जाण्याची आम्हाला सवय नाही. कुजबुजत चर्चा झाली आणि कार्यक्रम गॅलरीतच, आवाज न करता घ्यायचं ठरलं. रामदासांनी अट घातली की ते स्टुलावरून उठणार नाहीत आणि दाराकडे पाठ करणार नाहीत. म्हणजे सत्कार बाजूने करावा लागणार होता.

स्वागतगीत रद्द झालं. टाळ्यांऐवजी हात वर करून हलवायचे, असं मी खुणेने सांगितलं. अध्यक्षांचं भाषण हा मोठाच प्रश्न होता, कारण कुशाबांना कुजबुजता येत नाही. तेव्हा त्यांच्या भाषणाचे कागदच हातोहात फिरवले. प्रत्येकाने वाचायचे आणि पुढच्याला द्यायचे. मंडळाच्या इतिहासात अध्यक्षीय भाषण सगळ्यांनी पुरतं लक्षात घेतलं असा तो पहिला प्रसंग. दुसऱ्या पानावर आम्ही हात हलवले. कुशाबांनी डोळे पुसले.

यानंतर शाल घालायची होती. तेवढ्यात ध्रुव बाहेर आला.

त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. तो चपलांपाशी गेला. चौदा जोड दारापासून जिन्यापर्यंत कसेही पडलेले होते. तो खाली बसला, एक चप्पल उचलली, तळव्याने मापली आणि भिंतीला लावून ठेवली. मग दुसरी. लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लागत होती. विक्रांतदादांचा जोड पुष्कळच अलीकडे, तिसरा लागला. त्यांच्या पायाचं माप इतकं लहान असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"छान करतो हो," कोणीतरी कुजबुजलं.

पण विक्रांतदादांना साडेबाराला गिरगावात दुसऱ्या एका सत्काराला जायचं होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी आपल्या माणसाला, राजरत्नला, खूण केली. राजरत्न वाकला आणि त्याने तिसरा जोड रांगेतून काढून घेतला.

ध्रुवच्या घशातून एक लांब सूर निघाला. दोन्ही हात कानांवर गेले. तो भिंतीकडे सरकला.

रामदासांनी फोन उचलला. "ठेव थंय परत," ते राजरत्नला म्हणाले. आवाज चढवला नाही. "नायतर माका नंबर लावूचो लागात."

"अहो, दादांचा प्रोग्राम आहे. लेट होतंय."

"ठेव रे ती चप्पल," विक्रांतदादाच म्हणाले.

जोड जागेवर गेला. सूर हळूहळू खाली आला. ध्रुव परत मापायला लागला. मग आमच्या लक्षात आलं की कोणालाच जाता येणार नाही. परीक्षा संपायला पन्नास मिनिटं होती.

आम्ही एकेक करून भिंतीला टेकून गॅलरीत बसलो. अनवाणी. कमिटीच्या माणसाला नुसतं बसणं किती जड जातं ते मला त्या दिवशी कळलं. खजिनदाराला पाच मिनिटांत तीन वेळा खोकला आला आणि त्याने तो गिळला.

त्यातच मला आठवलं की आज रविवार आहे. साडेबारानंतर चाळीतल्या प्रत्येक घरात मटणाचा कुकर शिट्ट्या देतो. एरवी रामदास त्या वेळी दार लावून घेतात आणि ध्रुव पंख्याच्या आवाजात असतो. आज तो गॅलरीत चपलांमध्ये होता, आणि त्याला तिथून हलवणं शक्य नव्हतं. मी पाच जणांना अनवाणी घरोघर पिटाळलं. आमच्या संयुक्त कार्यवाहांना त्यांच्याच बायकोने दारात अडवलं.

"गॅस बंद करू? कशाला?"

"सत्कार चाललाय."

"मटणाचा?"

पण गॅस बंद झाले. त्या दिवशी दोन वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर एकही शिटी वाजली नाही आणि सगळे तीन वाजता जेवले. नलूवहिनी पाण्याचे ग्लास घेऊन आल्या, स्टीलचे नको म्हणून प्लास्टिकचे. ओळीने बसलेल्या आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "आता समाजला बसणा म्हणजे काय ता?"

एक वाजून गेला. रामदासांनी घड्याळ पाहून फोन खिशात टाकला. आता पेपर वाचला होता. पण रांग पुरी झालेली असूनही ध्रुव तिच्यापासून हलत नव्हता. नवव्या आणि दहाव्या जोडामध्ये त्याने एका जोडाची जागा मोकळी ठेवली होती. राजरत्नने स्वतःचा जोड उचलून हलकेच तिथे सरकवला. ध्रुवने तो काढून परत त्याच्या जागी ठेवला. खजिनदाराने घरून मुलीच्या चपला मागवल्या. त्या तर त्याने मापल्यासुद्धा नाहीत.

"ती जागा आकांक्षाची," रामदास म्हणाले.

दोन वाजायला पाच मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली. आकांक्षा वर आली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली. तिला काय दिसलं असेल याचा विचार आम्ही केला नव्हता. चाळीतली चौदा माणसं तिच्या दाराबाहेर अनवाणी, खाली मान घालून, एक शब्द न बोलता भिंतीला टेकून बसली होती. बाजूला शाल, नारळ आणि फुलं.

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. "ध्रुव?" ती म्हणाली. "काका, काय झालं? कोण गेलं?"

"कोण जावक नाय," रामदास घाईने उठले. चार तासांत पहिल्यांदा. "सगळा ठीक आसा गो. तो बघ तुझो झील."

ध्रुव खांबाआड चपलांपाशी बसला होता. तिने त्याला पाहिलं आणि भिंतीला हात लावला. मग आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मग हे सगळे का बसलेत?"

"ह्यांका माझो सत्कार करूचो आसा."

मी काहीतरी खुलासा करायला लागलो, तो तिने हातानेच थांबवला. तिने चपला काढल्या. ध्रुवने त्या उचलल्या, मापल्याशिवायच मोकळ्या जागेत ठेवल्या, एकदा रांगेकडे पाहिलं आणि तो घरात पंख्याखाली गेला. रामदासांनी दार ओढून घेतलं. चौदा माणसं एकदम उठली आणि आपापल्या चपला घेऊ लागली.

"पेपर?" रामदासांनी विचारलं.

"पूर्ण लिहिला. सगळे प्रश्न."

"एकाक सुटलो ना? मग दोन वाजले ते?"

आकांक्षा जरा ओशाळली. "डोसा खाल्ला, काका. केंद्राच्या समोरच हॉटेल होतं. अपूर्वा म्हणाली, फोन आला नाहीये, बस जरा. मसाला डोसा. गरम होता." मग आमच्याकडे बघून, "मला काय माहीत तुम्ही इथे असे..."

विक्रांतदादा एका पायात चप्पल घालून थांबले होते. गिरगावचा सत्कार केव्हाच होऊन गेला होता. "चटणी कशी होती?" त्यांनी विचारलं. धंद्याचा प्रश्न होता.

"दोन वेळा मागितली."

मी शाल पुढे केली. म्हटलं, आता सगळं नीट झालंय, तर दोन मिनिटांत उरकून घेऊ. रामदासांनी स्टूल उचलून काखेत मारलं. "माझो टाइम संपलो," ते म्हणाले आणि घरी जेवायला गेले.

शाल माझ्या हातात राहिली. ती आपल्याकडे येईल असं वाटून आकांक्षा दोन पावलं मागे सरकली. "साहेब, शाल नको," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी हितेंद्र घरी आहे. आम्ही दोघं लग्नानंतर एकदाच बरोबर बाहेर गेलोय. काकांना त्या दिवशी काळाचौकीला जायचंय. तुमच्यापैकी कोण येईल दोन तास?"

खजिनदार वाकून चपलेचा पट्टा लावू लागला. त्याच्या चपलेला पट्टा नव्हता. मी कार्यक्रमपत्रिकेची घडी घातली.

"काय म्हणते ती?" कुशाबांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"मी येतो," कुशाबा म्हणाले. मग तिच्याकडे बघून, शक्य तितका आवाज खाली आणून, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाईल इतका, "मी बोलणार नाही. तुझी चिठ्ठी मात्र दे, नाहीतर काळाचौकीहून परत आला की रामदास मला जाब विचारेल."

कुशाबा आता महिन्यातून दोन रविवार बसतात आणि तोंड उघडत नाहीत. तिसरा रविवार माझ्याकडे आहे. मला अजून नीट जमत नाही. अर्ध्या तासाने पाय हलतो आणि ध्रुव येऊन त्यावर हात ठेवतो.

परीक्षेचा निकाल जूनमध्ये लागला. आकांक्षा पास झाली आणि कचेरीत कायम झाली. जुलैच्या सभेत तिच्या सत्काराचा ठराव कोणीतरी लिहून दिला होता. तो सभेपुढे मांडणं हे कार्यवाह म्हणून माझं काम. मी तो मांडला नाही.